तीस वर्षांचा सर्च

सकाळी ६.१०

नगरच्या केडगावात आज पाण्याचा दिवस. ताई आधी बॅरल भरून घेतात, मग हंडे, मग बादल्या. नळी ओढत असतानाच गॅसवर डाळीचा कुकर लावलेला आहे. पुणे रस्त्यापासून आत, दोन खोल्यांचं घर. नवरा नागापूर एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेलाय. मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तो अजून झोपलाय.

ताई सर्च काढतात. जमीन, प्लॉट किंवा फ्लॅट घेण्याआधी मागच्या तीस वर्षांत त्या मिळकतीवर कोणकोणते दस्त नोंदले गेले ते शोधायचं, उतरवून घ्यायचं आणि वकिलाला द्यायचं. वकील त्यावर टायटलचा दाखला देतो. त्या दाखल्यावर बँक कर्ज देते, लोक आयुष्याची पुंजी ओततात. दाखल्यावर सही वकिलाची असते. खाली जे शोधलेलं असतं, ते ताईंचं. रजिस्ट्रीच्या कार्यालयात, स्टॅम्पवाल्यांच्या ओळीत, झेरॉक्सच्या टपरीवर सगळे त्यांना ताईच म्हणतात. आज दिवसभर त्यांच्याबरोबर असलेला मीही तेच म्हणतो.

७.२०

पोळ्या झाल्या. डबा भरला. आता तासभर कॉम्प्युटर.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. सकाळी सर्व्हर हलका असतो. दहानंतर राज्यभरातले लोक त्यावर बसतात आणि चक्र फिरत राहतं. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव, मिळकतीचा नंबर आणि चित्रातली वेडीवाकडी अक्षरं. एका वेळी एकच वर्ष दिसतं. आपल्याकडचं रेकॉर्ड इथे २००२ पासूनचं मिळतं, कारण ‘सरिता’ नावाची संगणक प्रणाली त्या वर्षी आली. म्हणजे एका मिळकतीसाठी दोन डझन वेळा तेच रकाने भरायचे.

आणि एवढ्यावर भागत नाही. एकाने नंबर ‘४५/२’ असा टाकलेला असतो, दुसऱ्याने ‘४५-२’, तिसऱ्याने ‘४५/२ पैकी’, चौथ्याने नुसता ‘४५’. (हा नंबर उदाहरणापुरता. आजच्या मिळकतीचा नंबर इथे देत नाही.) आडनावाचा ऱ्हस्व-दीर्घ वेगळा, मधलं नाव गाळलेलं. ताई प्रत्येक तऱ्हेने टाकून बघतात. एक तऱ्हा राहिली तर एक दस्त राहतो.

आज तीन कामं. सावेडीतला एक फ्लॅट, नगर तालुक्यातली एक जिरायत जमीन आणि इथलाच, केडगावातला दीड गुंठ्याचा प्लॉट. फ्लॅटची इमारत २०११ ची, पण खालची जमीन जुनी. बिल्डरच्या वेळचा सर्च वकिलांकडे आहे, त्याच्या पुढचं ताई इथेच, घरी बसून संपवतात. दोन खरेद्या, एक गहाणाची नोटीस. वहीत तीन ओळी.

प्लॉटचं तसं नाही. २००३ मध्ये प्लॉट विकला गेल्याची नोंद पडद्यावर येते. २०१४ मध्ये एका बँकेकडे मूळ दस्त ठेवून कर्ज काढल्याची नोटीस येते. २०१३ पासून अशी नोटीस तीस दिवसांत नोंदवावीच लागते, म्हणून ती दिसते तरी. त्याआधी कागद बँकेच्या तिजोरीत जायचे आणि नोंदणीच्या सूचीत त्याचा पत्ता लागत नसे. कर्ज फिटल्याचं मात्र पडद्यावर काही नाही. ताई वहीत लिहितात, “बेबाकी दाखला मागणे.” २००२ च्या मागचं सगळं पुस्तकात. त्यासाठी नगरला जायचं.

९.०५

पिशवी भरायचं काम त्या स्वतःच करतात. दोन फुलस्केप वह्या. तीन पेन्सिली. जुन्या पानांजवळ शाईचा पेन न्यायचा नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम. पोलादी पट्टी, ओळीवर ठेवायला. एक भिंग. नाकाला बांधायला सुती रुमाल. मोबाइलचा चार्जर. पाण्याची बाटली. आणि डबा.

९.१५

स्कूटी. पुणे रस्त्यावर या वेळी सगळेच घाईत. कायनेटिक चौक, मग सक्कर चौक. उड्डाणपूल २०२२ मध्ये सुरू झाला, पण ताई खालूनच जातात, वाटेत झेरॉक्सवाल्याकडे काल टाकलेले कागद घ्यायचे असतात. बारा पानं, चोवीस रुपये. शंभराच्या पेट्रोलमध्ये तीन दिवस निघतात. पावसाळ्यात दोनदा घसरल्या आहेत. तेव्हापासून वह्या आधी प्लास्टिकमध्ये, मग पिशवीत.

९.४५

दुय्यम निबंधक कार्यालय. सरकारी वेळ पावणेदहाची, पण पक्षकार त्याआधीच येऊन बसलेत. एक म्हातारी नऊवारीत, तिला दोन्हीकडून धरून दोन मुलं. बक्षीसपत्र असावं. एक नवं जोडपं, फाइल छातीशी धरून. एक तरुण एजंट, तीन फोन. आत अंगठ्याचं यंत्र, कॅमेरा, टोकनचा पुकारा. पुकारा झाला की सगळे एकदम उठतात. दस्त सादर होतो, ओळख पटवणारे दोघं सह्या करतात, फोटो निघतो, कागद स्कॅन होतात आणि थोड्याच वेळात मूळ दस्त हातात मिळतो.

पूर्वी असं नव्हतं. दस्ताच्या नकला हाताने होत, नंतर फोटो काढायला कागद पुण्याला जात आणि मूळ दस्त परत यायला महिनोन्‌महिने लागत. ओट्यावर बसणारे एक जुने बाँडरायटर आहेत, सगळ्यांचे मामा. ते म्हणतात, “खरेदी देणारा वारला, घेणाराही वारला, मग दस्त आला, असंही बघितलंय आम्ही.”

या कार्यालयात काय होतं आणि काय होत नाही, ते नीट सांगायला हवं. इथे दस्ताची नोंद होते. देणारा खरंच मालक आहे की नाही, याचा निवाडा इथे होत नाही. नोंदणी कायदा १९०८ चा. त्याने अधिकाऱ्यावर ती जबाबदारी टाकलेली नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या एका प्रकरणात हेच पुन्हा सांगितलं, मालकी तपासणं हे नोंदणी अधिकाऱ्याचं काम नाही. शिक्का बसला, फोटो निघाला, पावती मिळाली की माणसाला वाटतं, सरकारने खात्री दिली. सरकारने फक्त एवढंच म्हटलेलं असतं की अमुक तारखेला अमुक माणसं आमच्यासमोर आली आणि त्यांनी हा कागद कबूल केला. खात्री ज्याची त्याने करायची. ताईंसारख्या लोकांचं पोट त्यावर चालतं.

१०.२०

शोधाचा अर्ज. गावाचं नाव, मिळकतीचं वर्णन, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत. फी वर्षाला पंचवीस रुपये. तीस वर्षांचे साडेसातशे. चलन सरकारच्या ‘ग्रास’ संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचं, त्याची प्रिंट अर्जाला लावायची. पैसे वकिलांनी काल संध्याकाळीच दिलेत. ताई एकदा स्वतःच्या खिशातून चलन भरून बसल्या होत्या आणि पक्षकाराने व्यवहारच मोडला. तेव्हापासून पैसे आधी.

शिपाईभाऊ रेकॉर्डकडे जातात. ताई खिडकीजवळचं बाक धरतात. उजेड तिथेच चांगला येतो. रुमाल नाकाला.

१०.५०

पहिलं बाड येतं. सूची क्रमांक दोन. सगळे इंडेक्स टू म्हणतात. गाववार लावलेली पानं. मौजे केडगाव कुठे सुरू होतं ते ताईंना अंदाजाने कळतं, बाडाच्या जाडीवरून. कडा तपकिरी झाल्यात. पान उलटायचं ते वरच्या कोपऱ्याला बोट लावून नाही, खालून तळहात सरकवून. बोटाने उलटलं की तुकडा हातात येतो.

रकाने ठरलेले. दस्ताचा प्रकार. मोबदला. सर्वे नंबर, पोटहिस्सा. क्षेत्र. आकारणी. लिहून देणार. लिहून घेणार. दस्त केल्याची तारीख, नोंदवल्याची तारीख. दस्त नंबर, खंड, पान. शेवटी शेरा. ताई पट्टी आडवी ठेवतात आणि फक्त नंबराचा रकाना वरून खाली वाचत जातात. ओठ हलतात, आवाज नाही. नंबर जुळला की पट्टी थांबते. मग सगळी ओळ. मग वहीत पेन्सिल.

केडगाव तेव्हा गावच होतं. देवीच्या माळापर्यंत रान. नव्वदच्या दशकाची पानं उलटताना दिसतं, आधी ओळी एकराच्या आणि आण्या-पैच्या हिश्शाच्या. मग हळूहळू गुंठ्याच्या. मग एकाच सर्वे नंबराखाली ओळीमागून ओळ, प्लॉट नंबर एक, प्लॉट नंबर दोन, प्लॉट नंबर सतरा. लिहून देणाऱ्यांची नावं तीच ती. लिहून घेणारे पाथर्डी, जामखेड, कर्जत, आष्टी अशा ठिकाणांहून आलेले. कुणी एसटीत, कुणी शाळेत, कुणी कारखान्यात.

१९९९. नाही. १९९८. नाही. वहीत दोन्हींपुढे “निरंक”.

११.४०

१९९७. पट्टी थांबते.

खरेदीखत. एक हेक्टरच्या आसपास क्षेत्र. लिहून देणार तिघं, आई आणि दोन मुलगे. लिहून घेणार एक डेव्हलपर. पुढे याच क्षेत्राचं एनए (बिगरशेती) होऊन प्लॉट पडले आणि त्यातलाच दीड गुंठा आता आपल्या पक्षकारासमोर आहे. म्हणजे सगळ्या प्लॉटवाल्यांचं मूळ या एका ओळीत.

ताई फाइल उघडतात. देणाऱ्याने दिलेल्या कागदांत जुना फेरफार आहे. मूळ मालक १९९१ मध्ये वारले. वारस पाच लागले. बायको, दोन मुलगे, दोन मुली.

दस्तावर तिघं.

“पोरी कुठं गेल्या?” ताई स्वतःशीच म्हणतात.

सर्च काढणाऱ्याला हा प्रश्न नगर जिल्ह्यात सतत पडतो, आणि इतर जिल्ह्यांतही पडत असेल. बहिणींनी भावांना ‘सोडून दिलं’ असं घराघरांत म्हणतात. सोडून दिलं म्हणजे काय? नोंदवलेलं हक्कसोडपत्र केलं का? की नुसतं दिवाळीला साडी घेतली आणि विषय मिटला? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलगी वडिलांची वारस आहेच. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने वडिलोपार्जित मिळकतीतला तिचा हक्क आणखी वाढवला, पण या प्रकरणात तिथवर जायचीही गरज नाही. वडील गेले, मुलगी वारस लागली, फेरफारात नाव आलं. तिची सही नसेल तर भावाने विकलेल्या जमिनीत तिचा हिस्सा विकला गेला नाही. खरेदीखत कितीही पक्क्या शिक्क्याचं असो.

१२.१५

१९९६. तीस वर्षांतलं शेवटचं बाड.

पट्टी पुन्हा थांबते. हक्कसोडपत्र. लिहून देणार, थोरली बहीण. लिहून घेणार, दोघे भाऊ. मोबदला नाही. ताईंचा चेहरा सैल होतो. पेन्सिल चालते, दस्त नंबर, खंड, पान.

धाकटीचं शोधतात. त्याच पानावर नाही. पुढच्या पानावर नाही. शेजारच्या सर्वे नंबराखाली बघतात, कारण उतरवणाऱ्याकडून एक आकडा इकडेतिकडे होतो. पोटहिस्सा न लिहिलेल्या ओळी बघतात. सासरच्या नावाने, माहेरच्या नावाने. १९९६ पुन्हा वरपासून खालपर्यंत. मग परत १९९७, कदाचित खरेदीच्या आदल्या दिवशी केलं असेल. मग १९९८, कदाचित मागाहून लक्षात आलं असेल.

नाही.

१२.५०

ताई बाहेर येऊन वकिलांना फोन लावतात.

“साहेब, तीस वर्षांत एकीचंच आहे. धाकटीचं नाही सापडत. वडील एक्क्याण्णवला गेलेत. मागची पाच वर्षं बघू का?”

पलीकडून काही विचारलं जातं.

“सव्वाशे. पाच वर्षांचे.”

थोडा वेळ शांतता. मग ताई मान हलवतात, “बरं, भरते चलन.”

अठरा लाखांचा व्यवहार आहे. मुद्रांक शुल्क सहा टक्क्यांनी एक लाख आठ हजार. नोंदणी फी एक टक्का, अठरा हजार. बँकेची प्रोसेसिंग फी वेगळी, एजंटचे दोन टक्के वेगळे. आणि ज्या गोष्टीवर सगळं उभं आहे ती बघायची की नाही, हा प्रश्न सव्वाशे रुपयांचा. बँकेला तीस वर्षंच लागतात. अनेक ठिकाणी तीस वर्षांवर रेघ ओढून रिपोर्ट देतात आणि कुणी काही म्हणत नाही. ताई विचारतात. म्हणून हे वकील काम त्यांनाच देतात.

१.१५

जेवणाची सुट्टी. सगळ्या खिडक्यांवर ‘जेवणानंतर या’. ताई आणि मामा ओट्यावर. ताईंचा डबा डाळ, पोळी, शेंगदाण्याची चटणी. मामांची भाकरी आणि मेथी. दोघांनी अर्धं अर्धं वाटून घेतलं.

मामा चाळीसेक वर्षं इथे दस्त लिहितायत. आधी टाक-बोरू नाही, पण शाईचा पेन होता, मग मराठी टाइपरायटर, आता मुलगा कॉम्प्युटर चालवतो आणि मामा मजकूर सांगतात. जुन्या खरेदीखतात “जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप” असं सगळं येत असे, म्हणजे जमिनीवरचं आणि जमिनीखालचं सगळंच दिलं. मामा अजूनही ते घालतात. तरुण वकील काढायला सांगतात. मामा काढत नाहीत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभरचा स्टॅम्प गेला, पाचशेचा आला. बहिणीच्या हक्कसोडपत्राला, वडिलोपार्जित मिळकत असेल आणि मोबदला नसेल तर, आधी दोनशेचा मुद्रांक लागे, तोही आता पाचशे. मामा म्हणतात, “दोनशेत होत होतं तेव्हा लोकांनी केलं नाही. आता पाचशेला काय करतील?”

“भाऊ करून घेत नाहीत मामा,” ताई म्हणतात. “बहिणीला नगरला आणायचं, तिच्यासमोर वाचून दाखवायचं, तेवढं नको असतं त्यांना. वाचून दाखवलं की ती विचारणार ना, माझं किती होतं म्हणून.”

मामा काही बोलत नाहीत. भाकरी संपवतात.

चहा दहा रुपये. ताईंनी दोघांचे दिले.

२.१०

चलन भरलं. जादा पाच वर्षांची बाडं.

ही आणखी जीर्ण. सुतळीने बांधलेली. सुतळी सोडताना धूळ उडते आणि शेजारची नवी मुलगी, एका दुसऱ्या वकिलांकडची, शिंकत बाजूला होते. ताई तिला जादा रुमाल देतात. तिला अजून इंडेक्स वाचायची सवय नाही, नावाच्या रकान्यापासून सुरुवात करते. ताई तिची पट्टी उचलून नंबराच्या रकान्यावर ठेवतात. “नाव खोटं बोलतं, नंबर त्यातल्या त्यात कमी. आधी नंबर बघ.”

१९९५, निरंक. १९९४, एका पानाचा खालचा चतकोर नाही. गेला आहे. ताई भिंग लावून तुटलेल्या कडेवरचं अर्धं अक्षर बघतात. काही कळत नाही. वहीत लिहितात, “१९९४, एक पान खाली फाटलेले, वाचता आले नाही.” पान कितवं तेही.

इथे थोडं थांबून जुनी गोष्ट सांगतो, कारण ती याच मातीतली आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात, भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या दारावर गेले. त्यांनी खतं आणि रोखे मागितले आणि जाळले. हे लोण नगर जिल्ह्यातल्या गावांत आलं. माणसं मारली गेली नाहीत म्हणावं इतकी कमी हिंसा, रोख सगळा कागदावर. कारण शेतकऱ्याला ठाऊक होतं की त्याची जमीन रानातून जात नाही, कागदातून जाते, आणि तो कागद त्याला वाचता येत नाही. चौकशी बसली. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला. त्यात गावोगावी निबंधक नेमायची तरतूद होती. शेतकऱ्याचा दस्त निबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहायचा आणि मजकूर शेतकऱ्याला समजलाय याची खात्री करायची. खात्री करणं सरकारी माणसाचं काम होतं, असा एक काळ या जिल्ह्याने बघितलाय.

ताईंना मी हे सांगितलं. त्या १९९३ च्या पानावर होत्या. “तेव्हाही बायकांना वाचून दाखवत असतील का हो?” त्यांनी विचारलं आणि पुढचं पान उलटलं.

३.०५

१९९२, निरंक. १९९१, निरंक.

धाकटीचं हक्कसोडपत्र पाचही वर्षांत नाही.

आता १९९७ चा दस्तच बघायचा. पुस्तक क्रमांक एक, खंड. शिपाईभाऊ दोन्ही हातांनी उचलून आणतात. नक्कल हस्ताक्षरातली, सुंदर वळणाची. ताई चतुःसीमा उतरवतात, पूर्वेस, दक्षिणेस, पश्चिमेस, उत्तरेस. मग मजकूर. चौथ्या परिच्छेदात एक वाक्य सापडतं. त्याचा आशय असा, की देणाऱ्यांच्या बहिणींनी आपला हक्क सोडलेला असून त्यांची काही तक्रार नाही. ‘बहिणींनी’. अनेकवचन. पुरावा म्हणून दस्त नंबर मात्र एकच दिलाय, थोरलीचा.

त्या वाक्याखाली धाकटीची सही नाही. ती तिथे नव्हतीच.

ताई हे वाक्य अक्षरशः उतरवून घेतात. नकलेचा अर्ज करतात. नक्कल तीन-चार दिवसांत मिळेल.

३.५०

जिरायत जमिनीचं काम आज पुरं होत नाही. त्या सातबाऱ्यावर इतर हक्कात कुळकायद्याचा शेरा आहे. मागचा कागद मोडीत असण्याची शक्यता. ताईंना मोडी येत नाही. शहरात वाचणारे मोजकेच, पानावर पैसे घेतात. वकिलांना विचारून मगच. डिजिटल सातबारा मोबाइलवर काढून ठेवला, पंधरा रुपये.

४.३०

वकिलांचं ऑफिस. ताई स्वतःच टाइप करतात. रिपोर्टची पद्धत ठरलेली, डावीकडे वर्ष, उजवीकडे काय आढळलं. १९९१ पासून. निरंक, निरंक, निरंक. मग नोंदी.

एक शब्द ताई नुसता कधीच लिहीत नाहीत. ‘नाही’. त्याऐवजी ‘उपलब्ध सूचींत आढळून आले नाही’. कारण पान फाटलेलं असू शकतं, दस्त दुसऱ्या कार्यालयात झालेला असू शकतो, आणि २०२५ पासून तर राज्यातल्या कोणत्याही दुय्यम निबंधकाकडे दस्त करता येतो. जे बघितलं तेवढंच आणि जे बघता आलं नाही तेही. १९९४ चं फाटकं पान त्या रिपोर्टात स्वतंत्र ओळीत घालतात. काही ठिकाणी ही ओळ गाळतात, पक्षकार घाबरतो म्हणून. मला ते पटत नाही. घाबरायला हवं असेल तर पैसे देण्याआधीच घाबरलेलं बरं.

५.३५

पक्षकार येतात. नवरा एमआयडीसीत फिटर, बायको शिवणकाम करते. सुट्टी टाकून नाही, पहिली पाळी संपवून आलेत. गणवेश अंगावर आहे. इतकी वर्षं भाड्याने राहिले. प्लॉट रस्त्याला आहे, नळ आहे, शाळा जवळ. एजंट म्हणतोय रविवारी विसार द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे.

वकील समजावून सांगतात. एकीने हक्क सोडलाय, दुसरीचा कागद मिळत नाही. ती हयात असेल तर ती, नसेल तर तिची मुलं, उद्या दारात येऊ शकतात. येतीलच असं नाही. पण तुम्ही घर बांधल्यावर आली तर?

“मग प्लॉट सोडायचा का साहेब?”

“सोडायचा असं नाही. त्या बाईंना किंवा त्यांच्या वारसांना दस्तावर ‘मान्यता देणार’ म्हणून घ्या. नाहीतर देणाऱ्याला सांगा, आधी त्यांच्याकडून नोंदवलेला कागद करून आणा. बँकेचा बेबाकी दाखलाही. तोवर विसार द्यायचा नाही.”

फिटर गप्प. बायकोने ताईंकडे बघितलं. “ताई, त्या बाईंना माहीत असेल का, त्यांची जमीन होती म्हणून?”

“नाव आहे त्यांचं फेरफारात,” ताई म्हणाल्या. “कुणी सांगितलंय की नाही, ते कागदावरून कळत नाही.”

ती बाई काही वेळ काही बोलली नाही. मग नवऱ्याला म्हणाली, “रविवारी नको द्यायला.”

६.४०

परतीचा रस्ता. सक्कर चौकात गाड्यांची रांग. केडगावात मेथी दोन जुड्या, टोमॅटो अर्धा किलो. दुकानाच्या पायरीवर बसून ताई हिशेब करतात. केडगावच्या प्लॉटचे सहाशे, जादा वर्षांचे शंभर. सावेडीच्या फ्लॅटचे चारशे. जमिनीचं काम झालं की तेव्हा. वजा पेट्रोल, झेरॉक्स, चहा, पार्किंग. हातात हजाराच्या आसपास. रोज तीन कामं मिळत नाहीत. महिन्यात काही दिवस एकही नसतं, दिवाळीच्या आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास मात्र जेवायला वेळ नसतो. सर्व्हर बंद पडला तर दिवसच बुडतो. आजारपणाची सुट्टी नाही, फंड नाही. धुळीचा खोकला आहे, तो औषधाने जातो आणि परत येतो.

प्लॉट चांगला निघाला की पक्षकार पेढे देतात. आज पेढे नाहीत. ज्या दिवशी काम सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं त्या दिवशी पेढे नसतातच, हे त्यांना सवयीचं आहे.

९.२०

भांडी झाली. उद्याची दोन कामं वकिलांनी पाठवलीत. ताई पुन्हा कॉम्प्युटरसमोर. पहिलं वर्ष, जिल्हा, तालुका, गाव.

वाचणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे फी भरली की सूची क्रमांक एक आणि दोन आणि त्यामागचं पुस्तक क्रमांक एक कुणालाही पाहता येतं. त्यासाठी वकील असावं लागत नाही, मिळकतीशी नातं असावं लागत नाही. वर्षाला पंचवीस रुपये. प्लॉट घेताय तर विसाराच्या आधी बघून घ्या, आणि तीस वर्षांवर थांबू नका, मूळ मालक वारला त्या वर्षापर्यंत मागे जा. वडिलांची जमीन होती आणि तुम्ही मुलगी आहात, तर तुम्हीही जा. कार्यालय सोमवार ते शुक्रवार, पावणेदहा ते सव्वासहा उघडं असतं.